काचेत ठेवलेल्या बाळाचा जंतुसंसर्ग: नातेवाईक नेहमी विचारतात ते प्रश्न

नवजात शिशू विभागाच्या दाराबाहेर एक लांब बाकडं असतं. त्यावर आजी बसलेली असते, मामा उभा असतो, बाबा फोनवर पैशांची जुळवाजुळव करत असतो. मी बाहेर आले की तिघेही एकदम उठतात. दाराच्या आत परिचारिका म्हणून माझी बरीच वर्षं गेली. त्या बाकड्यावरून पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत. तुमच्या बाळाच्या उपचारांचा निर्णय त्याला तपासणारे डॉक्टरच घेतील. त्यांचं बोलणं तुम्हाला नीट कळावं आणि पुढचा प्रश्न न घाबरता विचारता यावा, एवढ्यासाठी हे लिहिलं आहे.

'रक्तात इन्फेक्शन झालंय' म्हणजे काय? बाळाचं रक्त खराब झालं का?

नाही, रक्त खराब झालेलं नसतं. जंतू रक्तात शिरतात, त्याच्याबरोबर अंगभर फिरतात आणि त्यांच्याशी झुंजताना बाळाचा श्वास, रक्तदाब, साखर, पोट सगळंच डळमळतं. यालाच सेप्सिस म्हणतात. जंतू फुफ्फुसात शिरले तर न्यूमोनिया होतो, मेंदूच्या आवरणापर्यंत पोचले तर मेंदुज्वर. मोठ्या माणसांत हे आजार वेगवेगळे ओळखता येतात. एवढ्याशा बाळात ते एकमेकांत मिसळलेले असतात, म्हणून उपचार सगळ्यांचा विचार करूनच सुरू होतात.

दिवस भरलेल्या बाळांना सहसा होत नाही, मग आमच्याच बाळाला का?

३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेलं बाळ म्हणजे अपुऱ्या दिवसांचं. जितके आठवडे कमी, तितका धोका जास्त. २८ आठवड्यांच्या आतली आणि १ किलोच्या खालची बाळं सगळ्यात नाजूक.

आईच्या अंगातली संरक्षक द्रव्यं वारेतून बाळाकडे जातात, पण त्यातला मोठा वाटा गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत जातो. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाला ही शिदोरी फारच अपुरी मिळते. त्यात त्याची कातडी कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी असते. चिकटपट्टी जोरात काढली तर सालटं निघतं, म्हणून आम्ही ती ओली करून, बोटाने धरून हळूहळू सोडवतो. कातडी हे जंतूंविरुद्धचं पहिलं कुंपण असतं आणि या बाळांचं ते कुंपणच अर्धवट असतं. आतड्याचं अस्तरही कच्चं असतं.

शिवाय बाळ जगवण्यासाठी आम्ही जे करतो, त्यातूनही जंतूंना वाट मिळते. श्वासाची नळी, नाळेतून टाकलेली नळी, सलाईनची सुई, या सगळ्या जंतूंसाठी उघड्या वाटा आहेत. त्या टाळता येत नाहीत, पण गरज संपल्यावर लगेच काढता येतात. 'ही सुई अजून लागणार आहे का?' असं तुम्ही विचारलंत तर आम्हाला राग येणार नाही. चांगल्या विभागात हा प्रश्न रोज विचारला जातो.

जंतू आले कुठून? माझं काही चुकलं का?

हा प्रश्न आई विचारते, आणि बहुतेक वेळा आजूबाजूला कुणी नसताना विचारते. म्हणून आधीच सांगते, बाई, तुझं काही चुकलेलं नाही.

जन्मानंतर पहिल्या ७२ तासांत दिसणारा संसर्ग आणि त्यानंतर दिसणारा, असे दोन प्रकार डॉक्टर मानतात. पहिल्या प्रकारात जंतू आईकडून किंवा प्रसूतीच्या वेळी आलेले असू शकतात. पाणी जाऊन १८ तासांपेक्षा जास्त वेळ झाला असेल, आईला कळांच्या वेळी ताप असेल, गर्भजलाला घाण वास असेल किंवा आतून पुन्हा पुन्हा तपासणी झाली असेल, तर धोका वाढतो. दुसऱ्या प्रकारातले जंतू बहुधा रुग्णालयातले असतात, हातांवरून, नळ्यांवरून आणि उपकरणांवरून आलेले.

आपल्या देशात मात्र ही विभागणी इतकी सरळ नाही. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या १३,५३० नवजात बाळांवर लक्ष ठेवलं गेलं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १४.३ टक्के बाळांना सेप्सिस झालेला आढळला. त्यातले जवळपास दोन-तृतीयांश पहिल्या ७२ तासांतले होते. सापडलेले प्रमुख जंतू अ‍ॅसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला आणि ई. कोलाय होते. पहिल्या तीन दिवसांतले जंतू आणि नंतरचे जंतू जवळजवळ सारखेच निघाले. मला त्याचा अर्थ असा दिसतो की अगदी सुरुवातीचा संसर्गसुद्धा पुष्कळदा आईच्या अंगातून आलेला नसतो, तो प्रसूतिगृहातल्या आणि वॉर्डातल्या वातावरणातून आलेला असतो. सासरच्यांनी सुनेकडे बोट दाखवण्याआधी हे वाचावं.

ताप नव्हता, मग कळलं कसं?

या बाळांना ताप येईलच असं नाही. उलट अंग गार पडतं. बाळ रडून, किंचाळून सांगत नाही, ते गप्प होतं. काल पचलेलं दूध आज पोटात तसंच राहतं, पोट फुगतं, मध्येच श्वास थांबतो, कातडीवर संगमरवरासारखे डाग दिसतात, छातीवर बोट दाबून सोडलं तर पांढरा झालेला ठसा भरायला तीन सेकंदांहून जास्त लागतात. यातली एकेक खूण वेगवेगळ्या कारणांनी दिसू शकते. दोन-तीन एकत्र आल्या की आम्ही डॉक्टरांना उठवतो.

एक रात्र सांगते. बाराशे ग्रॅमची मुलगी होती, अकराव्या दिवसाची. नळीने दूध देताना तिच्या आईने नेहमीप्रमाणे करंगळी तिच्या तळहातात ठेवली आणि म्हणाली, "सिस्टर, आज ही धरत नाही." मॉनिटरवरचे सगळे आकडे बरे होते. मी पोटाला हात लावला तर गरम, पावलांना लावला तर बर्फ. काखेतलं तापमान ३५.८ अंश सेल्सिअस निघालं. डॉक्टर आले, रक्त घेतलं, तासाभरात औषध सुरू झालं. पहाटे तिचा श्वास दोनदा थांबला, पण तोवर आम्ही तयारीत होतो. दोन दिवसांनी कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत, जंतू वाढल्याचं कळलं. यंत्रांच्या आधी हे ओळखलं ते आईच्या करंगळीने. तेव्हापासून कुणी आई 'आज बाळ वेगळं वाटतंय' म्हणाली की मी हातातलं काम सोडून आधी बाळाकडे जाते. तुम्हाला असं वाटलं तर संकोच करू नका. एकदा सांगून कुणी बघितलं नाही तर पुन्हा सांगा.

सारखं रक्त का काढता? अंगात रक्त उरेल का?

काळजी रास्त आहे. १ किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून ८० ते ९० मिलिलिटर रक्त असतं, कटिंग चहाच्या ग्लासात मावेल इतकं. म्हणून प्रत्येक थेंबाचा हिशोब ठेवावा लागतो आणि शक्य तिथे दोन-तीन तपासण्या एकाच वेळी उरकायच्या असतात.

ब्लड कल्चरसाठी मात्र निदान १ मिलिलिटर लागतं. कमी घेतलं तर जंतू असूनही हाती लागत नाहीत. हे रक्त पोषक द्रावणाच्या बाटलीत टाकून उबेत ठेवतात आणि जंतू वाढतात का ते बघतात. वाढ कळायला बहुधा दीड ते दोन दिवस लागतात, कोणतं औषध त्याला लागू पडतं ते त्यानंतर कळतं. सी.आर.पी. नावाची तपासणी लवकर मिळते, पण संसर्ग सुरू झाल्यावर ती वाढायला काही तास जातात. पहिला अहवाल चांगला आला म्हणून निर्धास्त होता येत नाही. पुन्हा केलेलाही चांगला आला, तर खरा दिलासा.

पाठीतून पाणी काढायचं म्हणतात. बाळ लुळं तर पडणार नाही ना?

नाही. मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली ही सुई टाकतात. मेंदुज्वर आहे की नाही हे दुसऱ्या कोणत्याही तपासणीतून खात्रीने कळत नाही, आणि असेल तर औषध बरेच दिवस जास्त द्यावं लागतं. सही करायला कचरू नका. बाळ फारच अस्थिर असेल तर डॉक्टर स्वतःच ही तपासणी पुढे ढकलतात.

सगळ्यात भारी औषध पहिल्यांदाच का देत नाही?

अनेक घरांत हा आग्रह असतो. लेकरासाठी हात आखडता घेऊ नये, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण 'भारी' औषध म्हणजे चांगलं औषध असं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली पहिली जोडी साधी, जुनी आणि स्वस्त आहे: अँपिसिलिन आणि जेंटामायसिन. त्या रुग्णालयात कोणते जंतू वावरतात ते पाहून डॉक्टर त्यात बदल करतात. मेरोपेनेम, कोलिस्टिन ही औषधं शेवटच्या फळीतली आहेत.

दिल्लीच्या त्याच अभ्यासात सापडलेल्या अ‍ॅसिनेटोबॅक्टरपैकी ८२ टक्के जंतू अनेक औषधांना दाद न देणारे होते. म्हणजे पुढच्या फळ्या आधीच विरळ झाल्या आहेत. आज गरज नसताना वापरलेलं राखीव औषध उद्या शेजारच्या वॉर्मरवरच्या (ऊब देणाऱ्या पाळण्यातल्या) बाळाला लागू पडणार नाही, कदाचित तुमच्याच बाळाला दुसऱ्यांदा लागू पडणार नाही. लांबलेल्या अँटिबायोटिकमुळे बुरशीचा संसर्ग आणि आतड्यांना सूज येऊन ती सडण्याचा आजार यांचा धोकाही वाढतो.

म्हणून कल्चरमध्ये काही वाढलं नाही आणि बाळ छान असेल, तर दोन दिवसांनी औषध थांबवतात. 'कोर्स अर्धवट सोडला' असं समजू नका. जंतू सापडले तर साधारण १० ते १४ दिवस, मेंदुज्वर असेल तर २१ दिवसांपर्यंत औषध चालतं.

आईला आत सोडता, आजीला का नाही? आणि बांगड्या का काढायला लावता?

जितके हात आत येतील, तितके जंतूही येतात. आईचा हात मात्र बाळाला हवाच असतो.

हात धुणं म्हणजे नळाखाली धरणं नव्हे. बाह्या कोपराच्या वर, अंगठी-घड्याळ उतरवलेलं, नखं कापलेली, आणि साबणाने ४० ते ६० सेकंद: तळवे, हातांची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांची टोकं, मनगट. मग स्वच्छ कोरड्या कागदाने किंवा हवेत वाळवायचे. पदराला पुसले की केलेलं सगळं वाया जातं.

बांगड्यांवरून रडारड होते, हे मला ठाऊक आहे. डोहाळजेवणाचा हिरवा चुडा हातात असतानाच कळा येतात, आणि मोकळे हात बघून सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी येतं. आम्ही तो चुडा आईच्या नावाच्या पाकिटात जपून ठेवतो आणि घरी जाताना तिच्याच हातात देतो. काचेच्या बांगडीखाली साबण पोचत नाही, एवढंच कारण आहे.

आणि आम्ही धुतो का, हेही बघा. मी एका ठिकाणी काम करत असताना विभागातलं एक बेसिन कित्येक आठवडे तुंबलेलं होतं. सगळे दुसऱ्या टोकाच्या नळावर जायचे, घाईत कुणी जायचंही नाही. तक्रारी लिहून आम्ही थकलो. शेवटी एका बाळाच्या वडिलांनी स्वतः जाऊन विचारणा केली आणि दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. त्या मधल्या आठवड्यांचं मला आजही वाईट वाटतं.

बाळ दूध ओढतच नाही, मग आईने दूध काढून काय उपयोग?

फार मोठा उपयोग आहे. काचेतल्या बाळाला देता येणाऱ्या औषधांइतकंच मोल मी आईच्या दुधाला देते. पहिले दोन-तीन दिवस पिवळसर, चिकट चीक येतो, पहिल्या दिवशी जेमतेम चमच्याचा तळ झाकण्याइतका. तो फेकू नका, त्याला कमीही लेखू नका. वारेतून जी शिदोरी मिळायची राहिली, तिचा काही भाग या चिकातून मिळतो. आतड्यांच्या त्या सडण्याच्या आजारापासूनही आईचं दूध वाचवतं, वरच्या दुधाने तो धोका वाढतो.

दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, धुतलेल्या हातांनी उकळलेल्या वाटीत दूध काढायचं. बाळाला नळीने, मग वाटी-चमच्याने, मग अंगावर. बाटली आणि बोंडलं नको, ती नीट स्वच्छ होत नाहीत.

आईला दूध येतच नसेल किंवा ती स्वतः आजारी असेल, तर दुधपेढी आहे का ते विचारा. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मानवी दुधपेढी सुरू केली. दान आलेलं दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवून, तपासूनच दिलं जातं. दात्या मातांच्या तपासण्याही आधी झालेल्या असतात.

एवढ्या आजारी बाळाला छातीशी धरायला सांगतात. जंतू लागणार नाहीत?

आईच्या कातडीवरचे जंतू बहुतांशी निरुपद्रवी असतात. ते बाळाच्या अंगावर आधी वस्तीला आले, तर वॉर्डातल्या दांडग्या जंतूंना जागा कमी उरते. छातीशी धरलेलं बाळ उबेत राहतं, त्याला हाताळणाऱ्यांची संख्या घटते आणि आईला दूधही जास्त येतं.

भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथल्या पाच रुग्णालयांत १ किलो ते १.७९९ किलो वजनाच्या ३,२११ बाळांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मल्याबरोबर छातीशी धरलेल्या बाळांपैकी २८ दिवसांत १२ टक्के दगावली, स्थिर होईपर्यंत वॉर्मरवर ठेवलेल्यांपैकी १५.७ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरल्यापेक्षा लवकर थांबवावा लागला. तुमच्या बाळाला केव्हापासून धरता येईल, हे रोज सकाळच्या राउंडला विचारा.

आमचं गाव लांब आहे. तिथे असं काही झालं तर?

गडचिरोलीचं उदाहरण महाराष्ट्रातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत तिथल्याच बायकांना शिकवलं. घरोघरी जाऊन बाळाचं वजन करणं, उबेत ठेवणं, सेप्सिसच्या खुणा ओळखणं आणि गरज पडली तर जेंटामायसिनचं इंजेक्शन देणं, हे सगळं त्या करू लागल्या. नवजात बाळांचा मृत्युदर हजारामागे ६२ वरून २५ च्या आसपास आला. १९९९ मध्ये हे निष्कर्ष जगापुढे आले. २०११ पासून देशभर आशाताई नवजात बाळाच्या घरी भेटीला येतात, त्या योजनेचं मूळ या कामात आहे.

रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा अशा सहा दिवशी भेट ठरलेली असते. आशाताई आल्या की चहा देऊन वाटेला लावू नका. बाळाचे कपडे सोडून त्यांना पूर्ण बघू द्या.

घरी नेल्यावर घुटी, शेक, तेल, काजळ यातलं काय चालेल?

आजींनो, तुमच्या हातांनी चार पिढ्या वाढवल्या, हे मान्य करूनच सांगते. घुटी नको. सहाणेवर पाण्याचे जंतू असतात आणि या बाळाचं आतडं अजून कच्चं आहे. मध एक वर्षापर्यंत नको, त्यातून बोटुलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. बेंबीला हळद, राख, तेल, काहीच लावायचं नाही, ती कोरडी राहू द्या. नाका-कानांत तेल घालू नका. शेगडीची ओवा-वावडिंगाची धुरी कोवळ्या फुफ्फुसांना सोसत नाही. आंघोळीची घाई नको, डॉक्टर सांगेपर्यंत कोमट ओल्या कपड्याने पुसून घ्या.

तुमच्यासाठी काम भरपूर आहे. बारशाची गर्दी दोन महिने पुढे ढकलायची ताकद घरात फक्त तुमच्यात असते. सर्दी-खोकल्याच्या पाहुण्याला दारातूनच परत पाठवा. सुनेला अळिवाची खीर, डिंकाचा लाडू आणि दुपारची झोप द्या.

कधी लगेच परत आणायचं?

बाळ दूध ओढायचं थांबलं किंवा एकदम कमी केलं. हलवल्याशिवाय हालचाल करत नाही. अंग ३८ अंश सेल्सिअसच्या वर तापलं किंवा ३५.५ च्या खाली गेलं (पोटाला आणि पावलांना हात लावून बघा, दोन्ही गार असतील तर थांबूच नका). श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, छाती आत ओढली जाते, कण्हतं. झटके. हिरवी उलटी, फुगलेलं पोट. बेंबीभोवती लाली किंवा पू.

यातली एकही खूण दिसली तर सकाळची वाट पाहायची नाही, दृष्ट काढत बसायचं नाही. १०८ ला फोन करा आणि बाळ छातीशी, कातडीला कातडी लावून, टोपी घालून आणा.

खर्च?

सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या आणि वाहतूक मोफत आहे. २०११ मध्ये ही सोय ३० दिवसांपर्यंत होती, नंतर ती वर्षाच्या बाळापर्यंत वाढवली. बाहेरून औषध आणायची चिठ्ठी मिळाली तर ती घेऊन आधी वैद्यकीय अधीक्षकांकडे जा.

बाळ वाचेल का? पुढे काही राहील का?

सगळी वाचत नाहीत. हे मी कुणापासून लपवत नाही. पण लवकर ओळखलेली, आईचं दूध मिळालेली बाळं फार चिवट असतात. बाराशे ग्रॅमच्या त्या मुलीने त्या रात्रीनंतर सहाव्या दिवशी पुन्हा करंगळी पकडली. सातमाशी बाळ जगतं आणि आठमाशी जगत नाही, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. पोटात राहिलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या बाजूचाच असतो.

पुढच्या तपासण्या मात्र चुकवू नका. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा डोळ्यांचा पडदा जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तपासून घ्यावा लागतो, फारच लहान बाळांचा त्याहूनही आधी. उशीर झाला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. मेंदुज्वरामुळे आणि काही औषधांमुळे कानांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून श्रवणचाचणी करा. मान धरणं, बसणं हे मोजताना जन्मतारखेपासून नव्हे, डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या तारखेपासून मोजा. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच.

पुढच्या वेळी टाळता येईल?

थोडंफार नक्की. लघवीतला जंतुसंसर्ग वेळीच बरा करा. पाणी गेलं की कळांची वाट बघत घरी थांबू नका. ३४ आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या तर बाळाची फुफ्फुसं तयार होण्यासाठी आईला इंजेक्शनं देतात, त्यांच्याबद्दल स्वतःहून विचारा. श्वास नीट चालला तर नळ्या कमी लागतात. आणि शक्य असेल तर नवजात शिशू विभाग असलेल्या रुग्णालयातच बाळंतपण करा.

मी बाळाचा बाप आहे. बाहेर बसून मी काय करू?

आत या. आई शस्त्रक्रियेनंतर उठू शकत नसेल, झोपली असेल किंवा थकली असेल, तर तुमच्या छातीवरही बाळ तितकंच उबेत राहतं. आंघोळ करून, पुढून उघडणारा स्वच्छ शर्ट घालून या. छातीवर केस असले तरी चालतं. अत्तर आणि तंबाखू नको, सर्दी असेल तर आज नको. निदान तासभर जागचं हलायचं नाही, म्हणून आधी पाणी पिऊन या आणि फोन बायकोकडे देऊन या.